फुटलेल्या फळीचे माप

काचेची फळी फुटली की घरमालक तिचा एखादा धड तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून दुकानात आणतो आणि "अशीच एक कापून द्या" म्हणतो. बारामती असो वा इंदापूर, काच-ॲल्युमिनियमच्या दुकानात हे काम हातासरशी उरकले जाते. मात्र फुटलेल्या फळीच्याच जाडीची आणि तशाच कडांची काच त्याच आधारांवर बसवली, तर ती पुन्हा फुटण्याची सोयही तिच्याबरोबर घरात जाते. तुकडा कचऱ्यात टाकण्याआधी निरखून पाहिला तर फळी का मोडली हे बहुतेक वेळा त्यावरूनच कळते.

खडीसाखरेसारखे बारीक, बोथट खडे पडले असतील तर काच टफन्ड होती, आणि तिच्या जागी टफन्डच जायला हवी. लांब, धारदार कपच्या निघाल्या असतील तर ती साधी काच. साध्या काचेतल्या भेगा जिथून फाटत गेल्या तिथपर्यंत उलट मागे यावे. उगम बहुधा कडेवर सापडतो, आणि तिथे नखाला लागणारा टवका असतो. भेग फाटे न फुटता आरपार गेली असेल तर काच कमी ताणावरच मोडली, म्हणजे कड आधीपासून दुखावलेली होती. उगमापाशीच चारदोन फाटे फुटले असतील तर भार अतोनात झाला किंवा वरून काही आदळले. भेग कडेशी काटकोनात निघून पुढे नागमोडी गेली असेल तर उष्णतेचा संशय घ्यावा. देवघरात काचेवर तासन्‌तास समई तेवत असते, स्वयंपाकघरात उतरवलेले पातेले क्षणभर म्हणून तिच्यावर टेकवले जाते. एकाच काचेच्या दोन भागांत ४० अंश सेल्सिअसच्या आसपास फरक पडला तरी साधी काच तडकू शकते. टफन्ड काच सुमारे २०० अंशांचा फरक सोसते.

कुणी हात न लावता, मध्यरात्री फळी फुटल्याची तक्रार प्रत्येक फिटरने ऐकलेली असते. घरात त्याचे खापर मांजरावर फुटते, नाहीतर नजर लागण्यावर. साध्या काचेत खरे कारण बहुधा कडेवरच्या सूक्ष्म चऱ्यांत असते. भार कायम असला की हवेतल्या बाष्पाच्या साथीने हे चरे हळूहळू खोल जातात आणि महिन्यांनी, कधी वर्षांनी, काच सुटते. त्यामुळे बसवल्यावर हाताने दाबून "बघा, काही होत नाही" असे दाखवण्याला फारसा अर्थ नाही. मिनिटभराचा भार पेलणारी काच तोच भार वर्षभर पेलेल असे नसते. कायम भाराखाली साध्या काचेतला ताण दर चौरस मिलिमीटरला ६ ते ८ न्यूटनच्या पुढे जाऊ नये, असे धरून चालणे शहाणपणाचे.

या हिशोबात सर्वांत जास्त चालणारी ५ मिमीची काच कुठे बसते? फळी २४ इंच लांब, ८ इंच खोल, आधार फक्त दोन टोकांना, आणि सामान व काच मिळून १० किलो भार सारखा पसरलेला. ५ मिमीच्या काचेत ताण ९ न्यूटनच्या घरात जातो आणि फळी मध्यभागी जवळजवळ २ मिमी वाकते. तीच फळी ८ मिमीची असेल तर ताण साडेतीन न्यूटनवर येतो आणि झोल अर्ध्या मिलिमीटरवर. जाडी दीडपटीहून थोडी अधिक झाली की ताण अडीच पटींनी घटतो आणि झोल चार पटींनी, कारण ताण जाडीच्या वर्गाने उतरतो आणि झोल घनाने. दिवाणखान्यातल्या शोकेससाठी १० किलो हा आकडा फुगवलेलाही नाही. ग्रामपंचायत, दूध संस्था, साखर कारखाना आणि शाळा यांच्या सत्कारांतली स्मृतिचिन्हे एका रांगेत लावली तर दोन-तीन वर्षांत तेवढे वजन सहज होते. त्यांचे चौथरे बऱ्याचदा दगडी किंवा भरीव असतात, आणि सर्वांत जड चषक नेमका मधोमध ठेवायचा असतो.

फळी ३६ इंचांची असेल तर १० मिमी काच वापरावी किंवा मध्ये आधार द्यावा. मधला आधार दिला की ताण चौथ्या हिश्श्यावर येतो, पण तिन्ही आधार एका पातळीत असतील तरच. मधल्या आधाराची बटणे थोडी वर राहिली तर काच त्यांच्यावर उलटी वाकते आणि सोय म्हणून केलेली गोष्टच तिला मोडते.

टफन्डबद्दल एक समजूत धंद्यात पक्की बसली आहे: टफन्ड लावली की जाडी कमी चालते. टफन्ड काच साध्या काचेच्या सुमारे चौपट ताण सोसते हे खरे, परंतु तिचा ताठपणा साध्या काचेइतकाच असतो. ५ मिमीची टफन्ड फळी मोडणार नाही, पण झोल तितकाच दाखवेल, आणि झोल दिसला की ग्राहकाचा विश्वास उडतो. शिवाय ती भट्टीतून निघाल्यावर कापता, घासता किंवा भोक पाडता येत नाही. सुमारे ६२० ते ६५० अंशांपर्यंत तापवून जोरदार हवेने झटकन थंड करताना तिच्या पृष्ठभागात दाब आणि गाभ्यात ताण कोंडला जातो. कापणी झाली की तो तोल बिघडतो आणि सगळी काच एकदम विखुरते. पुण्यातल्या भट्टीवर काम दिले तर बारामतीहून ते अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास, इंदापूरहून आणखी लांब. माप दोन मिलिमीटरने चुकले तर अख्खी फळी वाया आणि हेलपाटा वेगळा. घेताना आयएस २५५३, भाग १ हा मानक क्रमांक आणि शिक्का काचेच्या कोपऱ्यावर पाहून घ्यावा.

मापाचा प्रश्न या भागात अधिक नाजूक आहे. नीरा डावा कालवा १८८० च्या दशकात वाहू लागला, आणि त्याच्या पट्ट्यात खोल काळी जमीन आहे. ही माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. उथळ पायावरचे घर तिच्याबरोबर हलते. भिंतीतल्या फडताळाचे तोंड मे महिन्यात एक माप देते आणि सप्टेंबरात किंचित वेगळे. अशा कोनाड्यात काच घट्ट बसवली तर सरकलेली भिंत तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरते. म्हणून रुंदी पुढे, मध्ये आणि मागे अशी तिन्ही ठिकाणी मोजावी, गुण्या लावून कोपरे पाहावेत आणि सर्वांत लहान माप धरावे. लाकडी किंवा प्लायच्या कपाटात त्यातून दोन्ही बाजूंना मिळून एक सूत, म्हणजे सुमारे ३ मिमी, वजा केले तरी भागते. भिंतीतल्या कोनाड्यात प्रत्येक बाजूला एक सूत सोडावे. फुटलेल्या तुकड्यावरून घेतलेले माप इथे कुचकामी ठरते, कारण कपाट दहा वर्षांत कुठे सरकले हे तुकड्याला ठाऊक नसते. जुन्या वाड्यांतल्या कपाटांत तर जाडीही तुकड्यावरून ठरवू नये. पिल्किंग्टन कंपनीने १९५९ मध्ये फ्लोट पद्धत जाहीर केली. त्याआधीच्या ओढून काढलेल्या काचेत लाटा असतात आणि जाडी टोकाटोकाला बदलते.

कापणीत हिरकणी किंवा कटर एकाच दाबाने, एकदाच फिरवावा. त्याच रेषेवरून दुसऱ्यांदा गेले की चाक बोथट होते आणि कड भुगाळते. रेघ ओढल्यावर काच लगेच उघडावी. कड नुसती दगडाने मारून देणे हा या कामातला सर्वांत महागडा कंजूषपणा आहे. मघाशी सांगितलेले चरे तिथेच राहतात. फळीच्या चारही कडा पाण्याखाली घासून पॉलिश कराव्यात, मागची कडही, जरी ती कुणाला दिसणार नसली. टफन्ड काचेची ही सगळी घासाई भट्टीआधी व्हायला हवी.

आधारांकडे मात्र कुणी पाहत नाही. काच धातूला कुठेही भिडता कामा नये. बटणावर रबर किंवा पीव्हीसीची चकती हवी, आणि जुनी वाळून कडक झाली असेल तर बदलावी. चार बटणे बसवल्यावर पाणसळ लावावी, मग फळी ठेवून प्रत्येक कोपऱ्याखाली कागदाची पट्टी सारावी. एखाद्या कोपऱ्याखालून पट्टी सहज निसटली तर फळी तीनच आधारांवर आहे. भिंतीला ब्रॅकेट लावताना ड्रिल विटेत घ्यावे, सांध्यातल्या मसाल्यात नको. मातीच्या किंवा चुन्याच्या जुन्या दर्जात गट्टी धरत नाही. हलक्या ब्लॉकच्या नव्या भिंतीत त्यासाठीचा वेगळा प्लग लागतो. स्क्रू हाताने टेकल्यावर पाव फेरा पुरे. पाठीमागे आरसा असेल तर आंबूस वासाचे सिलिकॉन टाळावे, ते आरशाचा मुलामा खाते. तिथे न्यूट्रल सिलिकॉन वापरावे.

न्हाणीघरात उघड्या अंगाने वावर असतो, म्हणून तिथली फळी टफन्डच हवी. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने ब्रॅकेट काचेच्या आधी खराब होतात, तेव्हा काच बदलताना तेही काढून तपासावेत. पलंगावर किंवा पाळण्यावर येणारी फळी टाळावीच. ग्राहक हटून बसला तर लॅमिनेटेड काच द्यावी, म्हणजे फुटली तरी तुकडे मधल्या पडद्याला चिकटून राहतात. धान्याच्या आणि पिठाच्या डब्यांसाठी कुणी काचेची फळी मागितली तर सरळ कडप्पा सुचवावा, भले बिल सुताराचे किंवा गवंड्याचे होवो.

फ्रिजच्या कप्प्यासाठी कंपनीचा सुटा भाग मागवणे केव्हाही बरे. तो मिळत नसेल तर प्लॅस्टिकची चौकट मोजून त्याच जाडीची टफन्ड काच करून घ्यावी. चौकटीत साधी काच सरकवून देण्याची रीत सर्रास आहे, आणि ती चुकीची आहे. दुभत्या घरांत पाच-सात लिटरचे पातेले, तेही कोमट असतानाच, या कप्प्यावर ठेवले जाते.

काम संपल्यावर फरशीवर बॅटरी आडवी धरली की उरलेल्या कपच्या चमकतात. त्या ओल्या कागदाने किंवा मळलेल्या कणकेच्या गोळ्याने टिपाव्यात. जुने तुकडे जाड कागदात बांधून, वर "काच" असे लिहून घंटागाडीच्या सुक्या कचऱ्यात वेगळे द्यावेत. बिलावर काचेचा प्रकार, जाडी आणि फळीवर ठेवायचा जास्तीत जास्त भार किलोत लिहावा.