मनाच्या दुखण्यास वैद्य कोण?

बैलानें वैरण सोडिली कीं त्याच दिवशीं आपण गुरांच्या दवाखान्याची वाट धरतों. पण घरांतील कर्त्या माणसाची झोप उडाली, अन्नावरची वासना गेली, तर 'काळजी आहे, जाईल' असें म्हणून आपण स्वस्थ बसतों. कोणी उपचाराची गोष्ट काढिलीच, तर मनोविकारतज्ज्ञ दूर जिल्ह्याच्या गांवीं, आणि आरोग्य केंद्रांतील साध्या सेवकास यांतलें काय कळणार, अशी शंका पुढें येते.

या शंकेचें उत्तर अनुभवानें मिळालें आहे. गोव्यांतील 'मानस' प्रयोगाचा वृत्तांत २०१० सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. तींत तज्ज्ञ नसलेले, परंतु पद्धतशीर शिकविलेले समुपदेशक नैराश्य व चिंता यांनीं पीडित रोग्यांस भेटत. कठीण रोग्यांसाठीं मागें मनोविकारतज्ज्ञ असे. सरकारी केंद्रांतील अशा रोग्यांपैकीं ६५.९ टक्के सहा महिन्यांत बरे झाले. नेहमींच्या उपचारांनीं ४२.५ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. अमरावती जिल्ह्यांतील ३० गांवांत 'विश्राम' प्रकल्पानें गांवपातळीवर सेवक तयार केले, तेव्हां नैराश्यग्रस्तांपैकीं मदत घेणारांचें प्रमाण सुमारें दीड वर्षांत ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेलें. ओळखीच्या माणसापाशीं मन मोकळें करण्यास लाज आडवी येत नाहीं, हें यांतील मर्म होय.

म्हणून आमचें मत असें कीं, शिकलेला सेवक ही पहिली पायरी मानावी. तज्ज्ञाची जागा मात्र त्यास देऊं नये. भास होत असतील, माणूस अनावर झाला असेल, कांहीं आठवड्यांत उतार पडला नसेल, किंवा जीव देण्याची भाषा निघत असेल, तर विनाविलंब तज्ज्ञ गांठावा. अशा माणसास एकटें सोडूं नये, आणि कीटकनाशकें कुलुपांत ठेवावीं. ऑक्टोबर २०२२ मध्यें सरकारनें सुरू केलेल्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक घरोघर लिहून ठेवावा. तेथें मराठींत बोलतां येतें.

पाठीशीं तज्ज्ञ नसलेला सेवक म्हणजे कोरड्या विहिरीवरील मोट. यासाठीं आमच्या शेतकरी बंधूंनीं ग्रामसभेंत दोन प्रश्न विचारावे: आपल्या केंद्रांत असा शिकलेला सेवक आहे काय? आणि त्याचें काम पाहण्यास तज्ज्ञ किती दिवसांनीं येतो? या दोहोंचीं उत्तरें मिळेपर्यंत विचारणें सोडूं नये.