क्रँक बदला म्हणणाऱ्याला आधी माप मागा



मृग लागायच्या आधी आपल्या झाडीपट्टीत ट्रॅक्टरची इंजिनं खोलली जातात. मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी, वडसा, कुठंही जा, गॅरेजात एखादं इंजिन उघडं पडलेलं दिसतेच. आणि एक वाक्य हमखास कानावर येते, “भाऊ, क्रँक गेला. नवीनच टाका.”

माझा सरळ सवाल आहे. गेला म्हणजे किती गेला? कोणत्या जर्नलला? मिलिमीटरमध्ये सांगा. नख फिरवून ओरखडा कळते, झीज कळत नाही.

जर्नल म्हणजे क्रँकचा तो गोल गुळगुळीत भाग, ज्यावर बेअरिंग बसते. तीन सिलिंडरच्या आपल्या ट्रॅक्टरला चार मेन आणि तीन पिन, असे सात जर्नल. प्रत्येक जर्नल दोन्ही टोकांना आणि आडवा-उभा मायक्रोमीटरनं मोजला तरच कळते की तो लंबगोल झाला का, एका बाजूनं निमुळता झाला का. 60 मिमीच्या जर्नलला बेअरिंगमधली फट ठोकळ हिशेबानं 0.06 मिमी लागते. डोक्याच्या एका केसाएवढी. एवढं बारीक काम डोळ्यानं कोण पाहते?

आता मुद्द्याची गोष्ट. क्रँक घासणं हा जर जुगाड असता, तर बेअरिंग बनवणाऱ्या कंपन्यांनी 0.25, 0.50, 0.75 मिमी अंडरसाइजच्या बेअरिंग कशाला काढल्या असत्या? जर्नल तेवढा बारीक करायचा आणि तेवढी जाड बेअरिंग टाकायची, ही सोय बनवणाऱ्यानंच करून ठेवली आहे. बेअरिंग मऊ आणि क्रँक कडक, तेही याचसाठी. झिजायचं ते बेअरिंगनं, टिकायचं ते क्रँकनं.

ट्रॅक्टरचे बरेच क्रँक तापवलेलं पोलाद दाबून, म्हणजे फोर्ज करून घडवतात. पुण्याची भारत फोर्ज कंपनी 1961 साली सुरू झाली, तिचं क्रँकशाफ्टचं काम जगात चालते. असा घडवलेला मूळ क्रँक भंगारात देऊन त्याच्या जागी बिनाबिलाचा, बिनानावाचा स्वस्त ‘नवीन’ क्रँक बसवणं म्हणजे सागाची मयाल काढून निलगिरीची लावणं. नवीन दिसते म्हणून मजबूत असते असं नाही.

“घासलेला क्रँक टिकत नाही,” असं छातीठोक सांगणारे आहेत. बरोबर, वाईट घासलेला टिकत नाही. जर्नलच्या कडेला जो गोलवा असतो, तो काढून काटकोन केला की तिथूनच तडा जाते. तेलाच्या छिद्रांच्या कडा धारदार ठेवल्या तर बेअरिंग खरवडते. आतल्या तेलाच्या वाटा साफ केल्या नाहीत तर घासाईची भुकटी पहिल्याच दिवशी बेअरिंगमध्ये जाते. हा दोष कामाचा आहे, घासण्याचा नाही.

उलट्या बाजूचेही लोक आहेत. पॉलिश पेपर हातानं फिरवला, स्टँडर्ड बेअरिंग टाकली, “चालते” म्हटलं. लंबगोल झालेला जर्नल पॉलिशनं गोल होत नाही. ऐन रोवण्यात, केजव्हील लावून चिखलणी सुरू असताना तेलाचं प्रेशर पडते आणि मग खडखड सुरू. परे खोदून ठेवलेले, मजूर बांधीत उभे, आणि ट्रॅक्टर धुऱ्यावर. घासायची मशीन काही गावात नसते, क्रँक चंद्रपूर नाहीतर नागपूरला जाते. रोवणा कोणासाठी थांबत नाही.

बदलायचा कधी, तेही सांगतो. हट्ट माझाही नाही.
1. तडा असेल तर. वर्कशॉपात चुंबकाच्या तपासणीत बारीक तडाही दिसते. तडा असला की विषय संपला.
2. शेवटची साइज वापरून झाली असेल तर.
3. तेलाविना तापून जर्नल निळा पडला असेल आणि कडकपणा गेला असेल तर.
4. डायल गेज लावून पाहिल्यावर क्रँक वाकलेला निघाला आणि सरळ होण्यापलीकडं असेल तर.
5. नायट्रायडिंग केलेला क्रँक असेल आणि घासल्यावर परत कडक करायची सोय नसेल तर. त्याचा कडक थर पातळ असते, घासाईत निघून जाते.

यातलं काही नसेल, तर घासा. घासाईचा खर्च नव्या क्रँकपुढं लहान आहे. उरलेल्या पैशात तेलाचा पंप तपासा, रेडिएटरमधला धानाचा भुसा काढा, एअर क्लीनरचं तेल बदला. क्रँक स्वतःहून मरत नाही. तेल कमी पडते, तेलात डिझेल नाहीतर पाणी उतरते, फिल्टरमधून माती जाते, तेव्हा तो मरते. कारण तसंच ठेवून नवीन टाकला तर तोही त्याच वाटेनं जाईल.

आपल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे. पटेल-3 च्या धानात त्यांना वेगळ्या लोंब्या नजरेनं दिसल्या, पण एचएमटी वाण झाला तो वर्षानुवर्षे पेरून पारखल्यावर. नजरेनं शंका घ्यावी, निकाल पारखून द्यावा. इंजिनलाही तोच नियम.

कृषी विज्ञान केंद्राच्या आणि कृषी खात्याच्या साहेबांना विनंती. यांत्रिकीकरणाच्या योजनेत नवीन अवजाराला अनुदान मिळते, चांगलं आहे. पण घरचं जुनं इंजिन शेतकरी स्वतःच्या खिशातून, नाहीतर उसनवारीवर बांधते. बियाणं आणि किडीच्या शिबिरात एक दिवस मायक्रोमीटर धरायला शिकवा. आमची पोरं शिकतील.

आणि मंडळी, इंजिन खोललं की तीन गोष्टी मागायच्या. सातही जर्नलची मापं कागदावर लिहून. बेअरिंग बसवायच्या आधी तिच्या पाठीवरचा साइजचा छाप स्वतः पाहून. आणि क्रँक बदललाच, तर जुना क्रँक परत. तो तुमच्या पैशाचा आहे. माप द्यायला जो कुरकुर करते, त्याच्याकडून इंजिन उचला आणि दुसऱ्या दारी न्या.