विहिरीला पेट्रोलचा वास : वास गेला म्हणजे पाणी शुद्ध झाले का?

गोव्यातील माटवे-दाबोळी भागात २०२३ च्या अखेरीस घरगुती विहिरींच्या पाण्याला इंधनाचा वास येऊ लागला. भूमिगत इंधनवाहिनी किंवा पेट्रोल पंपाची जुनी टाकी गळू लागली, तर असे कुठेही होऊ शकते. अशा वेळी पहिला प्रश्न पडतो, "पाणी उकळून प्यायले तर चालेल का?" उत्तर आहे, नाही.

नेमका धोका कशाचा?

पेट्रोलमध्ये बेंझिन, टोल्यूइन, झायलीन असे घटक असतात. यांतील बेंझिन सर्वांत घातक. दीर्घकाळ शरीरात जात राहिल्यास ते अस्थिमज्जेवर परिणाम करते आणि त्यामुळे रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात एका लिटरला ०.०१ मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा सुचवली आहे.

आपल्या नाकाला मात्र पाण्यातील बेंझिन याच्या शेकडो पट अधिक प्रमाणात असेल तेव्हाच जाणवते. त्यामुळे वास आला तर पाणी वापरू नये हे खरे, पण वास नाही म्हणून पाणी सुरक्षित असे समजू नये. उकळताना बेंझिन वाफेबरोबर घरातील हवेत मिसळते आणि श्वासातून शरीरात जाते. याच कारणाने दूषित पाण्याने गरम आंघोळही टाळावी.

हवाईमधील पर्ल हार्बरजवळ नोव्हेंबर २०२१ मध्ये नौदलाच्या रेड हिल इंधनसाठ्यातून गळती झाली आणि विमानाचे इंधन पिण्याच्या पाण्यात मिसळले. सुमारे ९३ हजार लोकांच्या पाण्याचा प्रश्न निर्माण झाला. अनेकांना डोकेदुखी, मळमळ, त्वचेवर पुरळ असे त्रास झाले. तिथेही पहिली सूचना मिळाली ती घरातील नळाला येणाऱ्या वासातून.

सफाईला वेळ का लागतो?

इंधन पाण्यापेक्षा हलके असल्याने ते भूजलावर तरंगते. पावसाळ्यात पाण्याची पातळी वर येते, उन्हाळ्यात खाली जाते, आणि तिच्याबरोबर वरखाली होणारे इंधन माती व खडकाच्या फटींना चिकटून राहते. म्हणून एखाद्या ऋतूत नाहीसा झालेला वास पुढच्या ऋतूत परत येऊ शकतो.

सफाईची पहिली पायरी म्हणजे गळती थांबवणे. मग तरंगणारे इंधन काढून घेतले जाते, मातीतील वाफ पंपाने खेचली जाते आणि पाणी सक्रिय कोळशातून गाळले जाते. उरलेले इंधन मातीतील जिवाणू हळूहळू विघटित करतात. या कामाला अनेकदा काही वर्षे लागतात. एकदा विहीर उपसली की काम संपले, असे होत नाही. उलट जोराने उपसा केल्यास आजूबाजूचे दूषित पाणी विहिरीकडे ओढले जाऊ शकते.

तुम्ही काय करावे?

• पिणे, स्वयंपाक आणि आंघोळीसाठी ते पाणी लगेच बंद करा. घरातील आरओ यंत्रावर विसंबू नका. कोळशाचा फिल्टरही भरून निकामी होतो आणि ते कळत नाही.
• विहिरीत माणूस उतरवू नका. जवळ दिवा, विडी-सिगारेट किंवा पंपाची ठिणगी नको. वाफ पेट घेऊ शकते, गुदमरूही शकते.
• ग्रामपंचायत आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवा.
• तपासणीत बेंझिन, टोल्यूइन, इथाइलबेंझिन व झायलीन यांचा समावेश आहे का ते विचारा. पाण्याच्या नेहमीच्या चाचणीत ते कळत नाहीत. नमुना काचेच्या बाटलीत, हवेला जागा न ठेवता काठोकाठ भरावा आणि थंड ठेवून लगेच प्रयोगशाळेत पोहोचवावा.
• काही आठवडे ते पाणी प्यायला असाल, तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगा. गरज वाटल्यास ते रक्ततपासणी करतील. गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांना आधी दाखवा.

प्रशासनाकडे दोन गोष्टी ठामपणे मागा. पहिली, सफाई पूर्ण होईपर्यंत टँकरने किंवा नळाने पर्यायी पाणी. दुसरी, शेजारच्या चांगल्या विहिरींचीही पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी, कारण भूजल कुंपण ओळखत नाही. एका स्वच्छ अहवालावर समाधान मानू नका. वेगवेगळ्या ऋतूंतील लागोपाठचे अहवाल स्वच्छ आले, तरच त्या विहिरीवर पुन्हा विश्वास ठेवा.