लांबच्या विमानात आईची सीट कुठली?

भिलाईतल्या माणसाला ट्रेनमधली जागा निवडायला शिकवावं लागत नाही. दुर्गहून मुंबई मेल पकडायची असो की गीतांजली, आजीला लोअर बर्थ, गुडघे धड असलेल्या भाच्याला अप्पर, आणि साइड अप्पर आली की घरभर हळहळ. टीसीला गाठून बर्थ बदलून घेण्यात तर आपली अख्खी पिढी तरबेज आहे. पण हेच घर अमेरिकेचं तिकीट काढतं तेव्हा सगळी हुशारी कुठे जाते कोण जाणे! मुलगा न्यू जर्सीहून तिकीट काढतो, व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ येते, सगळे तारखा बघतात, बॅगेचं वजन बघतात. सीट? "ती काय, मिळेल ती घेऊ."

मिळेल ती म्हणजे बहुतेक वेळा मधली. आणि मधली सीट आली की तिथे बसणार कोण, हे तुम्हालाही माहीत आहे. आई.

म्हणून या वेळी हा विषय. सेक्टरमधल्या काका-काकूंची वेब चेक-इन करून देणं हे माझं बिनपगारी काम आहे, त्यामुळे सीट मॅप बघायची सवय झाली आहे. आपल्या रायपूरच्या स्वामी विवेकानंद विमानतळावरून थेट परदेशी विमान नाही. आधी दिल्ली किंवा मुंबई, मग खरं लांबचं विमान. रायपूर ते मुंबई कुठेही बसलात तरी चालेल, दोन तासांत उतरायचंच आहे. पैसे आणि डोकं पुढच्या विमानासाठी राखून ठेवा. मुंबई-नेवार्क किंवा दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को असं न थांबणारं विमान म्हणजे साधारण १५-१६ तास एका खुर्चीत. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचं आकाश भारतीय कंपन्यांना बंद झालं, तेव्हा त्यांच्या पश्चिमेकडच्या विमानांना वळसा पडू लागला आणि काहींना वाटेत व्हिएन्नाला इंधनासाठी थांबावं लागलं.

थांबणं तसं जुनंच आहे. ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून लंडनला पहिल्यांदा निघालं, तेव्हा ते कैरो आणि जिनिव्हा करत गेलं होतं. प्रवाशांचे पाय आपोआप मोकळे होत. आता आपण न थांबता जातो आणि पाय मोकळे करायची जबाबदारी आपल्यावर येते. कोणती सीट चांगली हे ठरवताना मी सगळ्यात आधी तेच बघते. खिडकी, टीव्ही, जेवणाची गाडी हे नंतर.

आता आईकडे येऊ. रात्रीचं विमान आहे. खिडकीशी एक अनोळखी गृहस्थ, मध्ये आई, कडेला बाबा. किंवा त्याहून वाईट, बाबा सहा रांगा पुढे आणि आईच्या दोन्ही बाजूंना अनोळखी माणसं. दिवे मंद होतात, कडेचा माणूस ट्रे उघडा ठेवून झोपी जातो. आईला बाथरूमला जायचंय. त्याला उठवायचं कसं? इंग्रजीत काय म्हणायचं? म्हणून ती सोपा उपाय काढते: पाणीच पीत नाही. कितीतरी काकूंनी मला हे अगदी सहज सांगितलं आहे, जणू ही प्रवासाची टीपच आहे. "मी ना, जेवणाबरोबर दोन घोट घेतले फक्त."

विमानातली हवा अतिशय कोरडी असते, आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली जाते. तिथे पाणी न पिता, न हलता १५ तास बसायचं म्हणजे घसा कोरडा, डोकं जड आणि पाय सुजलेले. क्वचित प्रसंगी पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होते. जागतिक आरोग्य संघटनेने या विषयावरचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला होता. चार तासांहून जास्त वेळ बसून प्रवास केला तर गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो, असं त्यात दिसलं. घाबरू नका, निरोगी माणसांत हे प्रमाण ६००० मध्ये एक इतकं कमी होतं. आणि हे फक्त विमानाचं नाही, ट्रेन, बस, कार सगळ्याचं आहे. पण नुकतंच ऑपरेशन झालेलं असेल, आधी कधी गुठळी झाली असेल, कॅन्सरचे उपचार चालू असतील, गरोदरपण असेल किंवा हार्मोनच्या गोळ्या चालू असतील, तर धोका वाढतो. अशांनी निघण्याआधी डॉक्टरांना भेटायचंच. पायात घालायचे घट्ट मोजे वगैरे त्यांनाच विचारून, ऑनलाइन रिव्ह्यू वाचून नाही.

तर माझं पहिलं आणि सगळ्यात ठाम मत: साठीच्या पुढच्या माणसाला वाटेकडची, म्हणजे आइल सीट. खिडकीची हौस असेल तर ती रायपूर-मुंबईला भागवून घ्या. खिडकीशी बसलेला माणूस कमी वेळा उठतो, आणि धोका वाढण्याचं ते एक कारण असू शकतं, असं डॉक्टरांच्या मार्गदर्शक सूचनांतही आलं आहे. शिवाय अमेरिकेला जाणारी बरीच विमानं मध्यरात्री निघतात. बाहेर काळोख, खाली ढग. खिडकीचा खरा फायदा एकच, डोकं टेकायला भिंत मिळते. पंचविशीतल्या, कुठेही झोपणाऱ्या माझ्यासारखीला ती ठीक आहे.

पण सगळ्या आइल सीट सारख्या नसतात, आणि इथे सीट मॅप नीट बघावा लागतो. लांबच्या विमानांत दोन वाटा असतात. बोईंग ७८७ आणि एअरबस ए३५० मध्ये इकॉनॉमीची रचना बहुतेक कंपन्यांकडे ३-३-३ असते. एमिरेट्सच्या ७७७ मध्ये ३-४-३. ए३३० मध्ये २-४-२. आता हिशोब करा. बाजूच्या तिघांच्या गटात तुम्ही कडेला बसलात, तर आतल्या दोघांना प्रत्येक वेळी तुम्हालाच उठवावं लागणार. मधल्या चौघांच्या गटात कडेला बसलात, तर फक्त एक जण तुम्हाला उठवेल, कारण पलीकडच्या दोघांना त्यांची वाट आहे. मधल्या तिघांच्या गटात तर मधला माणूस दोन्हीकडून जाऊ शकतो. म्हणजे ज्याची झोप सावध, त्याला मधल्या गटाची कड.

जोडपं असेल तर मी काय करते सांगू? दोघांना एकाच रांगेत, वाटेच्या अलीकडे आणि पलीकडे. सी आणि डी. दोघांनाही वाट, दोघं हात पुढे केला तर एकमेकांना गोळी किंवा खाकरा देऊ शकतात, आणि कुणालाच कुणाला उठवावं लागत नाही. डी मधल्या गटात येते, ती आईला. हे सुचवलं की काका लोक आधी जरा नाराज होतात, "शेजारी बसणार नाही म्हणजे?" परत आल्यावर मात्र तेच बाकीच्यांना सांगत असतात. अक्षरं कंपनीनुसार थोडी बदलतात, काही कंपन्या मधली अक्षरं गाळतात, तेव्हा नकाशावर वाट कुठे आहे ते डोळ्यांनी बघूनच बोट लावा. ए३३० मिळालं तर मात्र विचार करायचाच नाही. बाजूची दोनांची जोडी, आई कडेला, बाबा खिडकीशी. काही ७७७ विमानांतही शेपटीकडे, जिथे विमान निमुळतं होतं, तिथे बाजूला तीनऐवजी दोनच सीट असतात.

अगदी शेवटची रांग मात्र नको. मागे भिंत असली की पाठ पूर्ण मागे जात नाही, बाथरूमची रांग डोक्याशी उभी राहते, आणि जेवण तिथवर पोहोचेपर्यंत कधीकधी एकच पर्याय उरतो. (मधुमेहाचं, जैन किंवा शाकाहारी जेवण तिकिटासोबत आधीच नोंदवलं असेल तर ते सहसा सगळ्यांच्या आधी मिळतं. हे सीटपेक्षाही महत्त्वाचं, अजिबात विसरू नका.) बाथरूम जवळ हवं, पण शेजारी नको. चार-पाच रांगांचं अंतर बरं. पॅन्ट्रीचंही तेच, रात्रभर पडदा सरकतो आणि उजेड येतो.

पुढची, भिंतीसमोरची रांग सगळ्यांना हवी असते. समोर कुणी पाठ मागे करत नाही, हे खरं. पण उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी पायाशी पर्स ठेवता येत नाही, सगळं वरच्या कप्प्यात. ज्यांचं इन्सुलिन, इनहेलर किंवा गोळ्यांची पिशवी सतत हाताशी लागते त्यांना ते जिवावर येतं. (इन्सुलिन चेक-इन बॅगेत तर कधीच नाही, तिथे ते गोठू शकतं.) टीव्ही आणि ट्रे हातात बसवलेले असल्यामुळे मधला हात वर होत नाही. आणि तान्ह्या बाळाचा पाळणा याच भिंतीला लागतो, म्हणजे बाळं तिथेच. तुमच्याबरोबर बाळ असेल तर ही सीट तुमचीच आहे, कंपनीला लवकर फोन करून पाळणा मागून घ्या. बाळाचं वजन किती चालेल तेही विचारा.

आपत्कालीन दाराजवळच्या सीटला पाय लांब करता येतात, पण गरज पडली तर ते दार उघडायला मदत करायची असते. त्यामुळे लहान मुलं, गरोदर स्त्रिया, वयस्कर किंवा व्हीलचेअर मागितलेले प्रवासी यांना ती सहसा देत नाहीत. पैसे भरून घेतलीत तरी गेटवर बदलली जाऊ शकते.

यावरून आठवलं. १२ जून २०२५ ला अहमदाबादला लंडनचं विमान कोसळलं, त्यातल्या २४२ जणांपैकी वाचलेला एकमेव माणूस ११ए वर बसला होता. त्यानंतर "११ए मिळेल का?" असं मला तीन जणांनी विचारलं. भीती समजण्यासारखी आहे, मलाही त्या आठवड्यात झोप लागली नव्हती. पण ११ए प्रत्येक विमानात वेगळ्या जागी असते, कुठे दाराशी, कुठे नुसतीच खिडकीशी. एका अपघातावरून सीटचा आकडा ठरवू नका. पट्टा बांधून ठेवणं मात्र कुठल्याही सीटवर उपयोगी पडतं, खास करून अचानक धक्के बसतात तेव्हा. धक्क्यांची फारच भीती असेल तर पंखांच्या आसपासची रांग घ्या. विमानाचा तोल तिथे असतो, तिथे हिंदकळणं कमी जाणवतं. शेपटीकडे जास्त.

दोन तिकिटांच्या भावात फार फरक नसेल, तर विमान कुठलं आहे तेही बघा. ७८७ आणि ए३५० मध्ये आतला हवेचा दाब साधारण ६००० फूट उंचीवर असावा तसा ठेवतात, जुन्या विमानांत तो ८००० फुटांपर्यंतचा असतो. दमणूक थोडी कमी होते. ७८७ च्या खिडकीला झडप नसते, खाली बटण असतं, काच हळूहळू गडद होते. बाबांना आधी सांगून ठेवा, नाहीतर ते झडप शोधत बसतील. सीटची रुंदी सगळीकडे १७-१८ इंचच, तिथे फार आशा नको.

सीटचे पैसे भरावेत का? माझं मत, आईबाबांसाठी जातानाच्या लांबच्या टप्प्याला भरावेत, स्वतःसाठी वेब चेक-इन उघडायची वाट बघावी. काही कंपन्यांचं ४८ तास आधी उघडतं, काहींचं २४. गजर लावा. बारा वर्षांपर्यंतचं मूल बरोबर असेल तर त्याच पीएनआरवरच्या आई किंवा वडिलांच्या शेजारी त्याला जागा द्यावी, असं डीजीसीएने २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितलं आहे. तिथे उगाच पैसे भरू नका, आधी हा मुद्दा काढा. "ए आणि सी घ्यायची, मधली बी रिकामी राहते" ही युक्ती मे-जून आणि डिसेंबरला सोडून द्या. तेव्हा विमानात एक सीट मोकळी नसते, अर्ध्या विमानात आपल्यासारखेच आईबाबा असतात.

एअरोलोपा नावाच्या साइटवर विमानांचे बारीक नकाशे आहेत. खिडकीची म्हणून घेतलेल्या सीटला खरंच खिडकी आहे का, हे तिथे दिसतं. काही रांगांत नुसती भिंत असते.

सीट ठरली की नंबर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून आईच्या पर्समध्ये ठेवा, आणि त्याखाली एक ओळ देवनागरीत: "एक्सक्यूज मी, आय नीड टू गेट अप." मी हे एका काकूंना लिहून दिलं होतं. त्यांनी ते शेजारच्या बाईंना वाचून दाखवलं, तर त्या म्हणाल्या, "अहो, मराठीत सांगा की, मी अकोल्याची." पुढे दर दोन तासांनी दोघी मिळून मागच्या पॅन्ट्रीपर्यंत फेरी मारायच्या. विमान आयत्या वेळी बदलू शकतं आणि सीटही बदलते, म्हणून निघायच्या दिवशी सकाळी नकाशा पुन्हा एकदा उघडून बघा.