हसणाऱ्या मावशीलाही विचारा

आमच्या गल्लीत एक मावशी आहेत. नळाला पाणी आलं की हंड्यांच्या आवाजाआधी त्यांचं हसणं ऐकू येतं. रांगेत भांडण पेटायला लागलं की त्या असं काही बोलतात, की हंडा उगारलेली बाईही फिसकन हसते. ३ वर्षांपूर्वी त्यांचे मालक वारले. महिनाभराने मावशी पुन्हा नळावर हसल्या आणि संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं, "नवरा जाऊन महिना नाही झाला, हिला हसू सुचतं कसं?" पुढे कितीतरी दिवस त्या खाली मान घालून पाणी भरायच्या. बोलणाऱ्यांत मीही होते, लपवत नाही.

दुःख झालेल्या माणसाने चोवीस तास दुःखीच दिसावं, हा नियम कुणी केला? आणि तो बाईलाच का? ज्याचा स्वभाव हसरा, तो दुःखातही मधूनच हसणार. तेवढा वेळ छातीवरचं ओझं हलकं होतं.

मुंबईत १९९५ साली डॉ. मदन कटारिया यांनी मोजक्या माणसांना घेऊन बागेत हास्यक्लब सुरू केला. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले. मग विनोदाशिवाय नुसतंच हसायचं ठरलं, आणि ते जमलं, कारण एकाला बघून दुसऱ्याला हसू येतंच. आपल्याकडे बाग नाही, नळ आहे. मात्र कुणाला 'काळू', 'लंगड्या' म्हणून हसायचं, ते यात धरू नका. त्यात एकाची करमणूक होते आणि दुसऱ्याची झोप उडते.

आणखी एक. हसऱ्या माणसाला आपण कधी काही विचारतच नाही. परवा मी मावशींना पहिल्यांदा विचारलं, "रात्री झोप लागते का हो?" त्या हसल्या, मग पदर डोळ्यांना लावला. दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कशात मन लागत नाही, असं असेल तर तो आजार असू शकतो, दवाखान्यात सांगावं. मरणाचा विचार मनात आला तर दोन आठवडे थांबूच नये, त्याच दिवशी घरच्यांना सांगावं. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर रात्रंदिवस चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

मावशींनी तो नंबर नातीकडून मोबाईलमध्ये भरून घेतला. म्हणाल्या, "मधेच एखादा विनोद सांगितला तर चालेल ना गं त्यांना?"