कोर्टाच्या हुकमाने प्रार्थना

फेब्रुवारी 2023 मध्ये मालेगावच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी 2010 सालच्या मारहाणीच्या खटल्यात एका मुस्लिम माणसाला दोषी ठरवले आणि तुरुंगाऐवजी 21 दिवस रोज पाच वेळा नमाज पढायला व दोन झाडे लावून जगवायला सांगितले. आधार घेतला तो ताकीद देऊन सोडण्याच्या 1958 च्या कायद्याचा. झाडांचा हुकूम आम्हाला मनापासून पटतो, नमाजाचा नाही. झाड जगले की नाही, हे कोणीही पाहू शकते; प्रार्थना मोजायची तर सरकारला श्रद्धेची हजेरी घ्यावी लागते, आणि राज्यघटनेच्या 25व्या कलमाने सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिले आहे ते नेमके यापासून वाचण्यासाठी. कोणी म्हणेल, धर्म त्याचाच होता, आणि तुरुंगापेक्षा हे बरेच. पण तुरुंग समोर दिसत असताना दिलेला होकार मोकळ्या मनाचा नसतो. शिवाय उद्या इंदूरच्या सियागंज बाजारात दोन हमालांची मारामारी झाली आणि त्यातला एक नास्तिक निघाला, तर त्याला कोणती सवलत?

इंदूरला हा प्रश्न परका नाही. जानेवारी 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरात दंगलीतल्या एका हत्याकांडातल्या दोषींना जामीन देताना काहींना इथे राहून सामाजिक व आध्यात्मिक कार्य करायला सांगितले. त्याच वर्षी जुलैत उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने विनयभंगाच्या आरोपीला तक्रारदार महिलेकडून राखी बांधून घेण्याची अट जामिनासाठी घातली. ती 18 मार्च 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयानेच रद्द केली. आता भारतीय न्याय संहितेत काही किरकोळ गुन्ह्यांसाठी समाजसेवा ही रीतसर शिक्षा आहे. न्यायाधीशांनी तीच द्यावी.