यंत्राची सोय आणि मराठीची लिपी

मुळा आणि पवना ह्या नद्यांच्या बेचक्यातील सांगवीत आज सुशिक्षित माणसाचे बहुतेक लेखन अंगठ्याने चालते. कारखान्यातील पाळीचा निरोप असो, शाळेची सूचना असो की घरचे क्षेमकुशल, सारे फोनवर लिहिले जाते. पूर्वी वर्षाकाठी दोन पत्रेही न लिहिणारी माणसे आता दिवसभर लिहितात, ह्याचे आम्ही स्वागतच करतो. आमची तक्रार निराळी आहे. ह्यांतील पुष्कळशी मराठी रोमन अक्षरांत लिहिली जाते. आणि ते आवडीने नव्हे, तर मराठी कळफलक कोणी शिकविलाच नाही म्हणून.

त्याने बिघडते काय? के, ए, एल, ए ही चार अक्षरे दाबली की कला, कळा, काळा आणि काला हे चारही शब्द झाले. कोणता घ्यावयाचा ते वाचणाऱ्याने पाहावे! आचार्यांना बोलवा आणि आचाऱ्यांना बोलवा, ह्या दोन निरोपांतील भेद लग्नघरी तरी क्षुल्लक नव्हे. रोमनमध्ये तो उरतच नाही. फोन त्या अक्षरांची देवनागरी करून देतो हे खरे. परंतु समोर येईल तो पहिला शब्द स्वीकारण्याची सवय जडली, की ऱ्हस्व-दीर्घाचा निर्णय लिहिणाराकडे राहत नाही.

आमच्या वडीलधाऱ्यांनी यंत्रापुढे अशी मान तुकविली नव्हती. हात न उचलता झरझर लिहिता येणारी मोडी छापखान्याच्या युगात मागे पडली आणि बाळबोध पुढे आली, तेव्हा खिळ्यांच्या सोयीसाठी लिपी किती बदलावी ह्यावर कडाक्याचे वाद झाले. 'अ'लाच वेलांटी व उकार जोडून इ, उ लिहावे ही सावरकरांची सूचना 'किर्लोस्कर' मासिकाने कित्येक वर्षे अमलात आणली. ती टिकली नाही; पण विचार तरी झाला. १९५५ साली गोदरेजचे भारतीय बनावटीचे टंकलेखनयंत्र आले. देवनागरी यंत्रावर 'कि' उमटवावयाचा तर वेलांटी आधी आणि 'क' मागून दाबावा लागे, म्हणजे उच्चाराच्या नेमके उलट.

ही अडचण १९९१ साली भारतीय मानक म्हणून मान्य झालेल्या इन्स्क्रिप्ट कळफलकाने दूर केली. त्यात स्वर डाव्या हाताला, व्यंजने बहुतांशी उजव्या. क आणि ख एकाच कळीवर, त आणि थ एकाच कळीवर. आणि वेलांटी व्यंजनानंतर. वर्णमाला पाठ असलेल्या मुलास तो परका वाटण्याचे कारण नाही. नदीपल्याडच्या पुण्यात १९८८ पासून 'सी-डॅक' भारतीय भाषांच्या संगणकीय लेखनासाठी खपत आली, आणि नदीच्या ह्या काठी मुले आपले नाव इंग्रजी अक्षरांतून मराठीत आणतात!

पुढे बोलूनच लिहावयाचे आहे, मग कळफलक कशाला, असे काही जण म्हणतील. परंतु 'दिन' आणि 'दीन' कानाला जवळजवळ सारखेच; त्यांतील कोणता, हे लिहिणारालाच ठाऊक हवे. शिवाय भरल्या बसमध्ये घरचा निरोप मोठ्याने कोण सांगणार?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात दर्जा दिला, तेव्हा आनंद झाला तो योग्यच. आता पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने आपल्या शाळांत पाचवीपासून आठवड्याचा एक तास इन्स्क्रिप्टसाठी राखावा. कळफलक विकत घ्यावयाचा नाही. बहुतेक संगणकांत तो आहेच. हवे आहेत ते शिकविणारे शिक्षक, आणि त्यांची तयारी येत्या उन्हाळ्याच्या सुटीतच करून घेता येईल.